‘ला बायादेर’ : अग्नीसमोरची शपथ आणि फुलांची परडी

अभिजात बॅलेचा, म्हणजे पाश्चात्त्य नृत्यनाट्याचा, संपूर्ण प्रयोग सांगलीत प्रत्यक्ष पाहण्याचा योग येत नाही. त्यासाठी लागणारा प्रशस्त रंगमंच, वाद्यवृंदाची जागा आणि नर्तक-नर्तकींचा मोठा ताफा आपल्या भागात येणे कठीणच आहे. त्यामुळे आपली सारी भिस्त चित्रित प्रयोगांवर असते आणि कोणता प्रयोग विकत घ्यावा, या प्रश्नाला महत्त्व येते. लंडनच्या रॉयल बॅलेने २००९ साली रॉयल ऑपेरा हाउसमध्ये सादर केलेल्या ‘ला बायादेर’ (देवळातली नर्तकी) या बॅलेची ओपस आर्टे या कंपनीने काढलेली चकती (डीव्हीडी) माझ्या मते घरात असावीच अशी आहे. प्रेम, मत्सर आणि विश्वासघात यांची ही कथा भारतात घडते, निदान तसे ती सांगते. तामारा रोहो निकियाच्या, कार्लोस अकोस्ता सोलोरच्या आणि मारियानेला नुन्येझ गमझाट्टीच्या भूमिकेत आहेत. या चकतीत खटकणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या मी पुढे सांगणारच आहे. परंतु तिच्यातले दोन प्रवेश असे आहेत की त्यांच्यासाठी बाकीचे सारे सोसावे.

मत्सराचे नाटक सांगलीकरांना नवे नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते याच गावात, आणि येथून जवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहून संशयाने होणारा सर्वनाश मराठी रंगभूमीवर उभा केला. त्याच देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त तोच संशय हसवून सोडतो. अशा गावातला प्रेक्षक बॅले पाहायला बसतो तेव्हा त्याची पहिली अडचण शब्दांची असते. दोन तासांहून अधिक काळ रंगमंचावर कोणी एक अक्षर बोलत नाही, गात नाही. मग संशय कळायचा कसा आणि मत्सर पेटायचा कशावर? ‘ला बायादेर’ने या अडचणीतून काढलेली वाट फार पाहण्यासारखी आहे.

कथा थोडक्यात सांगतो. निकिया ही देवळातली नर्तकी आणि सोलोर हा योद्धा यांचे एकमेकांवर प्रेम आहे. देवळाचा मुख्य ब्राह्मण निकियावर आसक्त आहे आणि ती त्याला झिडकारते. सोलोर पवित्र अग्नीसमोर तिला प्रेमाची शपथ देतो आणि ब्राह्मण ते आडून ऐकतो. इकडे राजाने आपली मुलगी गमझाट्टी सोलोरला द्यायचे ठरवले आहे. ब्राह्मण सोलोरचा काटा काढण्याच्या हेतूने राजाला हे गुपित सांगतो, पण राजा ठरवतो ते निकियाला संपवण्याचे. वाङ्‌निश्चयाच्या समारंभात निकियाला नाचावे लागते. तिला फुलांची परडी दिली जाते आणि तीत लपवलेला नाग तिला डसतो. पुढे शोकाने आणि पश्चात्तापाने ग्रासलेला सोलोर अफू ओढतो आणि त्या धुंदीत त्याला छायांचे, म्हणजे मृतात्म्यांचे, राज्य दिसते. शेवटच्या अंकात लग्न लागत असतानाच देवांचा कोप होऊन मंदिर कोसळते.

मारियुस पेतिपाने रचलेल्या या बॅलेचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गमध्ये १८७७ साली झाला. संगीत लुडविग मिंकुसचे. त्याच वर्षी मॉस्कोत चायकोव्स्कीचे ‘स्वान लेक’ प्रथम रंगमंचावर आले, आणि त्याच्या शेजारी ठेवले तर मिंकुसचे संगीत उथळ वाटते, हे मान्य केले पाहिजे. नृत्याला ताल पुरवणे, पावलांना आधार देणे हे काम ते चोख करते. स्वतःहून काही सांगावे, असे त्याला क्वचितच वाटते. या चकतीतली रंगावृत्ती नतालिया माकारोव्हा यांची आहे. लेनिनग्राडमध्ये घडलेल्या या नर्तकीने १९८० साली अमेरिकन बॅले थिएटरसाठी ती सिद्ध केली आणि १९८९ साली रॉयल बॅलेने ती आपल्याकडे आणली. सोव्हिएत काळात वगळला गेलेला मंदिर कोसळण्याचा शेवट त्यांनी परत आणला आणि त्यासाठी लागणारे संगीत जॉन लँचबेरी यांच्याकडून करून घेतले.

आता त्या दोन प्रवेशांपैकी पहिला. गमझाट्टी निकियाला राजवाड्यात बोलावून घेते. या प्रवेशात नृत्य जवळजवळ नाहीच. आहे तो मूकाभिनय. बॅलेच्या मूकाभिनयाचे ठरलेले संकेत आहेत. चेहऱ्याभोवती हात फिरवला की सौंदर्य, हृदयावर हात ठेवले की प्रेम, अनामिकेकडे बोट दाखवले की विवाह, दोन बोटे वर उचलली की शपथ, मुठी एकमेकींवर आडव्या धरून खाली आणल्या की मृत्यू. एवढ्या पाच संकेतांची ओळख करून घेऊन हा प्रवेश पाहिला, तर संवाद ऐकू यावेत इतके सारे स्पष्ट होते. भरतनाट्यम शिकवणाऱ्या एका परिचित बाईंनी हा प्रवेश पाहताना एक निरीक्षण सांगितले, ते मला फार मोलाचे वाटते. आपल्या अभिनयात ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ या वचनाप्रमाणे नजर हाताच्या मागोमाग जाते. बॅलेत मात्र खांद्यापासून अख्खा हात, पाठ आणि मान बोलत असते, कारण हजारो लोकांच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत डोळे पोहोचत नाहीत. कॅमेरा जवळ आल्यावर मात्र डोळेही दिसतात, आणि येथे नुन्येझ आणि रोहो या दोघींनी कमाल केली आहे.

नुन्येझची गमझाट्टी सुरुवातीला क्रूर नाहीच. समोर आलेली मुलगी सुंदर आहे, हे तिला पहिल्या नजरेत कळते आणि क्षणभर तिचे मन हलते. मग ती सांगते की सोलोर माझा नियोजित वर आहे. निकिया दोन बोटे उचलून सांगते की त्याने अग्नीसमोर मला वचन दिले आहे. गमझाट्टी अंगावरचे दागिने काढून देऊ करते, आणि या कृतीत विनवणी किती आणि उपकार किती हे नुन्येझ शेवटपर्यंत ठरवू देत नाही. निकिया ते नाकारते, हाताशी आलेला खंजीर उचलते आणि राजकन्येवर धावून जाते; दासी मध्ये पडते. आपण काय करायला निघालो होतो, हे ध्यानात येताच रोहोचा खंजीर धरलेला हात आधी सैल पडतो, मग तिची नजर त्या हाताकडे जाते आणि मग ती पळून जाते. हा क्रम नीट पाहावा. मत्सर दोघींनाही आहे, दोघींच्याही हातून खून होऊ शकतो. फरक इतकाच की एकीला खंजीर स्वतःच्या हाताने उचलावा लागतो आणि दुसरीला नुसती मूठ आवळून आज्ञा द्यावी लागते. निकिया निघून गेल्यावर गमझाट्टी ती मूठ आवळते, आणि प्रवेश तेथेच संपतो.

अग्नीसमोरची ती शपथ परदेशी प्रेक्षकाला रम्य विधी वाटत असेल. मराठी प्रेक्षकाला ती लग्नाइतकीच पक्की वाटते. अग्नीच्या साक्षीने दिलेले वचन मोडणे हा आपल्याकडे प्रेमभंग नाही, तो अधर्म आहे. येथे शाकुंतलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पॅरिसमध्ये १८५८ साली तेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाच्या संहितेवर शकुंतलेचा बॅले झाला होता आणि तो पेतिपाच्याच भावाने, ल्युसियँने रचला होता. ‘ला बायादेर’मधल्या राजाचे नाव दुग्मंता आहे, त्यात दुष्यंत ऐकू येतो. ‘ला बायादेर’नंतर तीनच वर्षांनी, १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आले. कालिदासाने दुष्यंताला दुर्वासाच्या शापाची ओट दिली. राजा शकुंतलेला विसरतो तो शापामुळे. सोलोरला अशी कोणतीही ओट नाही. त्याला सारे आठवत असते, आणि तरीही राजासमोर तो गप्प बसतो.

या दुबळेपणामुळे सोलोरची भूमिका फार अवघड होते. नायकासारखे उड्डाण करायचे आणि नायकासारखे वागायचे मात्र नाही, असे दुहेरी काम नर्तकाला करावे लागते. अकोस्ताची उडी भव्य आहे, हवेत तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. पण मला जास्त भावला तो वाङ्‌निश्चयाच्या समारंभात बसलेला अकोस्ता. निकिया समोर नाचत आहे आणि तो गमझाट्टीच्या शेजारी बसून आहे. त्याने तिच्याकडे पाहू नये म्हणून कोणीही त्याला अडवलेले नाही, आणि तरी त्याला मान वर करता येत नाही.

निकियाच्या मृत्यूच्या प्रवेशाविषयी सांगली-मिरजेच्या माणसाने लिहिताना एक गोष्ट टाळता येणार नाही. देवाला वाहिलेली नर्तकी ही युरोपसाठी दूरच्या देशातली अद्भुत कल्पना होती. आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या कोल्हापूर-सोलापुरात आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरापर्यंतच्या पट्ट्यात तिची खरी हकीकत घरोघर माहीत आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, महाराष्ट्रात २००५ साली निर्मूलनाचा कायदा करावा लागला, म्हणजे मधल्या सत्तर वर्षांतही ही प्रथा संपलेली नव्हती. हातात परडी घेतलेली जोगतीण ज्याने पाहिली आहे, त्याला निकियाच्या हातातली परडी निव्वळ नाटकाचे सामान वाटणार नाही. नाग डसल्यावर मुख्य ब्राह्मण विषावरचा उतारा घेऊन पुढे येतो आणि खुणेनेच सांगतो की माझी झालीस तर हा तुझा. रोहो ती कुपी हातात घेते, सोलोर गमझाट्टीच्या बाजूला गेलेला पाहते आणि कुपी टाकून देते. पेतिपाला आपल्या भागाची काहीही माहिती नव्हती. तरी देवळाच्या नावाने बांधलेल्या बाईचा जीव कोणाकोणाच्या मुठीत असतो, हे या एका क्षणात त्याने अचूक दाखवले आहे. निकियाला मत्सराने मारले असे म्हणणे अपुरे आहे. ब्राह्मण, राजा आणि राजकन्या या तिघांच्याही हातात सत्ता होती, आणि तिघांनीही आपापल्या वासनेसाठी ती वापरली.

अचूकपणा मात्र तेवढ्यापुरताच. बाकीचा भारत संपूर्णपणे कल्पनेतला आहे. राजा गोवळकोंड्याचा म्हणवतो, आणि गोवळकोंड्याला कुतुबशाही होती हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. फकीर पवित्र अग्नीवरून उड्या मारतात, ब्राह्मणाचा पोशाख कोणत्याही पंथाशी जुळत नाही, आणि सोलोर, गमझाट्टी ही नावे कोणत्या भाषेतली म्हणावीत हे सांगता येत नाही. वास्तविक १८३८ साली दक्षिण भारतातल्या देवदासींचा एक छोटा ताफा पॅरिसला गेला होता आणि त्यातल्या अमनी नावाच्या नर्तकीवर गोतिएने भारावून लिहिले होते. म्हणजे युरोपने खरे नृत्य पाहिलेले होते. त्यातले या बॅलेत काहीही उतरलेले नाही. मनगटे दुमडून हात जोडल्यासारखे करणे, कोपरांचे कोन करणे, एवढ्यावर भारतीयत्व संपते. तिसऱ्या अंकाच्या आरंभी सोन्याच्या रंगाने माखलेल्या मूर्तीचे नृत्य येते. निकोलाय झुबकोव्स्कीने १९४८ साली रचलेले हे नृत्य उड्यांच्या दृष्टीने थक्क करणारे आहे, परंतु त्या मूर्तीच्या हातांत आपल्याला एकही ओळखीची मुद्रा सापडत नाही.

या गोष्टी खटकतात आणि खटकायलाच हव्यात. २०१९ साली मिस्टी कोपलंड या अमेरिकी नर्तकीने याच बॅलेच्या मॉस्कोतल्या प्रयोगात मुलींची तोंडे काळी रंगवण्यावर जाहीर आक्षेप घेतला, तो योग्यच होता. असे असूनही हा बॅले टाकून द्यावा, असे मला वाटत नाही. जेथे जेथे तो ‘भारत’ दाखवण्याचा खटाटोप करतो तेथे तेथे तो पोकळ होतो, आणि जेथे तो हा खटाटोप सोडून देतो तेथे त्याचे खरे सामर्थ्य दिसते. याचा पुरावा म्हणजे दुसरा प्रवेश, छायांचे राज्य.

रंगमंच अंधारलेला आहे. मागे एक उतार आहे. पांढऱ्या वेषातली एक नर्तकी वरच्या टोकाला येते, एका पायावर तोल सांभाळून पुढे झुकते, दुसरा पाय मागे ताणून वर नेते, मग सरळ होऊन पाठ मागे झुकवते, दोन पावले पुढे येते आणि पुन्हा तेच करते. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. नागमोडी रांगेने चोवीस नर्तकी उतरतात आणि प्रत्येक जण तीच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. उतारावर एका पायावर झुकणे किती कठीण आहे, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कळायचे नाही. त्यातही सर्वांत पुढची नर्तकी ही हालचाल सर्वांत जास्त वेळा करते, आणि तिचा घोटा एकदा जरी थरथरला तरी साऱ्या रांगेची शांतता भंग पावते. १९०० साली पेतिपाने स्वतः हा बॅले पुन्हा उभा केला तेव्हा छायांची संख्या अठ्ठेचाळीस होती. लंडनच्या रंगमंचाला चोवीसच पुरतात, आणि मला तरी त्या कमी वाटल्या नाहीत.

नाटकाची कथा येथे थांबते. कोणी येत नाही, काही घडत नाही. एक मेलेली स्त्री सोलोरला जिकडेतिकडे दिसत राहते, एवढेच. मिरजेला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात जी संगीतसभा होते, तिथे विलंबित ख्याल ऐकत रात्र काढलेल्या रसिकाला या प्रवेशाची किल्ली लगेच सापडेल. तीच स्वरावली, थोडी पुढे, पुन्हा मागे, आणि ऐकणाऱ्याला नव्याची घाई उरत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो प्रेक्षक पाचव्या नर्तकीपाशी चुळबुळ करू लागतो. त्याने थोडा धीर धरावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण रांग पूर्ण झाल्यावर त्या चोवीस जणी ओळीने उभ्या राहून एकाच वेळी पाय उचलतात तेव्हा आतापर्यंतच्या सगळ्या पुनरुक्तीचा अर्थ लागतो. पश्चात्ताप याहून वेगळा नसतो. एकच गोष्ट, एकाच क्रमाने, न थांबता. पुढे निकिया आणि सोलोर एका लांब पांढऱ्या वस्त्राची दोन टोके धरून नाचतात. एकल व्हायोलिन वाजत असते, आणि मघाशी ज्या मिंकुसला मी उथळ म्हटले त्याने येथे फार सुंदर रचना दिली आहे. रोहोची निकिया येथे त्याच्याकडे पाहतही नाही. ती रागावलेली नाही, तिने क्षमाही केलेली नाही. तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही गोष्टी पुसून गेलेल्या आहेत.

चित्रीकरणाविषयी माझी एक तक्रार याच प्रवेशापुरती आहे. समूहाची आकृती हेच जेथे सौंदर्य आहे, तेथे कॅमेऱ्याने एखादीच्या चेहऱ्याकडे वळणे मला रुचत नाही. रांग डोळ्यांपुढून तुटते आणि तो ठेका मनातून सुटतो. उलट राजवाड्यातल्या प्रवेशात हाच जवळ जाणारा कॅमेरा उपकारक ठरतो. पियेर लुइजी सामारितानी यांचे नेपथ्य आणि योलांडा सोनाबेंड यांची वेशभूषा पडद्यावर उठून दिसतात. गर्द तांबडे-सोनेरी रंग पहिल्या अंकात आणि मग छायांच्या प्रवेशात निव्वळ पांढरा, हा बदल मोठ्या पडद्यावर पाहिला तरच अंगावर येतो. दूरचित्रवाणी संचाच्या स्वतःच्या ध्वनिक्षेपकांवर वाद्यवृंद चपटा ऐकू येतो, म्हणून वेगळे ध्वनिक्षेपक जोडावेत. मोबाइलच्या पडद्यावर हा बॅले पाहू नये. तेथे चोवीस छाया पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि त्यांची पावले तर दिसतच नाहीत. ज्यांनी कधीच बॅले पाहिलेला नाही त्यांनी एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नये. पहिला अंक एका संध्याकाळी आणि उरलेले दोन दुसऱ्या संध्याकाळी पाहिले तर चालते, कारण निकियाच्या मृत्यूनंतर मध्ये एक रात्र गेली तरी हरकत नाही.

शेवटचा अंक थोडा घाईत उरकल्यासारखा वाटतो. लँचबेरी यांनी मिंकुसच्या शैलीत बेतलेले संगीत ऐकताना जोड दिसून येतो, आणि लग्नविधीत गमझाट्टी, सोलोर, राजा आणि फक्त सोलोरला दिसणारी निकिया असा चौघांचा सुरेख गुंता तयार होत असतानाच मंदिर कोसळते. तरीही हा अंक असायला हवा, या मताचा मी आहे. नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह यांनी १९९२ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, पॅरिस ऑपेरासाठी जी आवृत्ती केली ती छायांच्या प्रवेशावरच थांबते. ती अधिक काव्यमय आहे, पण तिच्यात राजाला, राजकन्येला आणि ब्राह्मणाला कोणी काही विचारत नाही; खून पचतो. माकारोव्हा यांच्या आवृत्तीत अग्नीसमोरच्या शपथेचा हिशेब पुरा होतो, आणि ज्या प्रेक्षकाला ती शपथ खरी वाटली त्याला तो पुरा झालेला पाहण्याचा हक्क आहे.

रॉयल बॅलेचे याच आवृत्तीचे २०१८ सालचे चित्रीकरणही आहे. त्यात नुन्येझ स्वतः निकिया झाली आहे, नतालिया ओसिपोव्हा गमझाट्टी आणि वादिम मुंतागिरोव्ह सोलोर. मत्सराच्या दोन्ही बाजू एकाच नर्तकीने नऊ वर्षांच्या अंतराने कशा उभ्या केल्या, हे ताडून पाहणे अभ्यासकाला मोलाचे वाटेल, आणि मुंतागिरोव्हचे नृत्य अकोस्ताहून अधिक रेखीव आहे. मात्र राजवाड्यातल्या त्या प्रवेशासाठी मी २००९ चीच चकती आधी घ्यायला सांगेन. त्यानंतर जमल्यास नुरेयेव्हच्या आवृत्तीचे पॅरिसमध्ये १९९४ साली झालेले चित्रीकरण मिळवावे. त्यात इझाबेल गेरँ, लोराँ इलेर आणि एलिझाबेथ प्लातेल आहेत, आणि तेथे उतारावरून बत्तीस छाया येतात.